स्पूल : संगणकाचा गाडीतळ

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

प्रिंटचे बटण दाबले तरी कागद बाहेर येत नाही, म्हणून माणूस पुन्हा बटण दाबतो. तरीही येत नाही, म्हणून तिसऱ्यांदा दाबतो. मग कोणीतरी येऊन प्रिंटरची वायर नीट बसवतो आणि त्याच पानाच्या तीन प्रती एकामागून एक बाहेर पडतात. बँकेत, सेतू कार्यालयात, शाळेच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानात हे दृश्य तुम्ही पाहिले असेल. प्रिंटर बिघडला, असे आपण म्हणतो. पण बिचाऱ्याचा काही दोष नसतो. तुम्ही तीन वेळा सांगितले आणि तिन्ही वेळा ते कोणीतरी इमानाने लिहून ठेवले, एवढेच झालेले असते. हे लिहून ठेवणाऱ्या व्यवस्थेला संगणकाच्या भाषेत 'स्पूल' म्हणतात, आणि त्या कामाला 'स्पूलिंग'.

या शब्दाचा अर्थ काय आणि तो आला कुठून, हा आजचा विषय. विषय संगणकाचा असला तरी घाबरण्याचे कारण नाही. सातारा-सांगलीकडच्या माणसाने स्पूल दरवर्षी डोळ्यांनी पाहिलेला असतो. फक्त तो त्याला गाडीतळ म्हणतो.

उसाचा तळ आणि गव्हाण

गाळप हंगाम सुरू झाला की रेठऱ्याचा कृष्णा कारखाना असो, साखराळ्याचा राजारामबापू असो की सांगलीचा वसंतदादा, कारखान्याबाहेर उसाच्या वाहनांची रांग लागते. बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक. आधी काट्यावर वजन, मग तळावर मुक्काम, मग नंबर आला की गव्हाणीकडे. आता एक साधा प्रश्न विचारून पाहा. हा तळ कशाला लागतो? ऊस थेट फडातून आणून गव्हाणीत का टाकत नाहीत?

कारण तोडणीचा वेग आणि गाळपाचा वेग यांचा मेळ नाही. टोळी दिवसा ऊस तोडते, कारखाना दिवसरात्र चालतो. रात्री तीन वाजता फडात कोणी कोयता चालवत नाही, पण रात्री तीन वाजताही गव्हाण रिकामी राहून चालत नाही. गव्हाण रिकामी म्हणजे बॉयलर, टर्बाइन, माणसे सगळे फुकट चालू. तळावर उभ्या असलेल्या गाड्या ही रात्रीची बेगमी असते. तळ आहे म्हणून तोडणाऱ्याला आपल्या गतीने तोडता येते आणि गाळणाऱ्याला आपल्या गतीने गाळता येते. दोघांनी एकमेकांसाठी खोळंबायचे नाही, हे तळाचे काम.

संगणकात स्पूल नेमके हेच काम करतो. संगणक चपळ, प्रिंटर संथ. तुम्ही प्रिंट म्हणालात की संगणक ते पान थेट प्रिंटरच्या हातात देत नाही. तो ते डिस्कवर एका ठरावीक जागी फाईल करून ठेवतो, त्यावर नंबर घालतो आणि तुम्हाला मोकळे करतो. तुम्ही पुढचे पत्र लिहायला लागता. मागे एक छोटा प्रोग्रॅम त्या फाईली नंबराप्रमाणे उचलून प्रिंटरला जमेल तशा भरवत राहतो. विंडोजमध्ये या प्रोग्रॅमचे नावच 'प्रिंट स्पूलर' आहे.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा, कारण पुस्तकांतही त्याची सरमिसळ होते. स्पूल आणि 'बफर' एक नव्हेत. गव्हाणीच्या पट्ट्यावर चार-दोन मोळ्या पुढेमागे असतात, तो बफर. तो छोटा, क्षणापुरता, आणि त्यात क्रम बदलता येत नाही. तळ मोठा असतो, तिथे अख्खी गाडी उभी राहते, तिच्यावर मालकाचे नाव असते आणि गरज पडली तर ती पुढे-मागे घेता येते. स्पूलमध्येही अख्खे काम असते, कोणाचे आहे याची नोंद असते, आणि ते रद्द करता येते किंवा पुढे ढकलता येते. 'रांग' हा या सगळ्याचा सर्वसाधारण शब्द. रांगेत कोण कितवा हे रांग सांगते. रांगेतले सामान ठेवायचे कुठे, हे स्पूल सांगतो.

कांडी, रीळ आणि आकाशवाणी

आता शब्दाकडे वळू. 'स्पूल' हा शब्द संगणकापेक्षा सहाशे वर्षांनी जुना आहे. मध्ययुगीन डच बोलीतल्या 'स्पूले' या शब्दाशी त्याचे नाते आहे, आणि इंग्रजीत तो चौदाव्या शतकापासून सापडतो. अर्थ विणकराच्या घरातला: सूत गुंडाळायची नळी. आपल्याकडे तिला कांडी म्हणतात. शिलाईच्या दोऱ्याची असली की रीळ, शिवणयंत्राच्या पोटातली असली की बॉबीन.

विट्यात यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलात तर कांडीचा अर्थ दोन मिनिटांत कळतो. उभा धागा बिमावर असतो. आडवा धागा धोट्यातून जातो, आणि धोट्यात बसते ती कांडी. सुताचा कोन मोठा, तो धोट्यात मावत नाही. म्हणून कांडी यंत्रावर कांड्या भरून मागाजवळ ठेवायच्या. मागावरची कांडी संपली की भरलेली तयार हवी. नाहीतर माग थांबला. भरणाऱ्याचा वेग वेगळा, मागाचा वेगळा, आणि दोघांच्या मधे भरलेल्या कांड्यांचा साठा. माण तालुक्यात म्हसवडला हातमागावर घोंगडी विणणाऱ्यांचेही गणित याहून निराळे नाही. म्हणजे केवळ शब्दच नव्हे, कल्पनाही विणकराचीच म्हणावी इतके हे साम्य आहे.

दुसरा अर्थ तुम्हा श्रोत्यांच्या जवळचा. कॅसेट येण्याच्या आधीपासून आकाशवाणीवर ध्वनिमुद्रण व्हायचे ते चकतीसारख्या रिळांवर गुंडाळलेल्या फितीवर. त्या रिळाला स्टुडिओत स्पूल म्हणत, आणि जुन्या गायकांच्या मैफली जमवणारे रसिक आजही 'माझ्याकडे स्पूल आहे' असे अभिमानाने सांगतात. वक्ता येणार मंगळवारी सकाळी, भाषण लागणार गुरुवारी संध्याकाळी. मधले दिवस भाषण कुठे थांबते? तर स्पूलवर. वक्ता आपल्या सोयीने बोलून घरी जातो, श्रोता आपल्या सोयीने ऐकतो. आज फीत गेली, सगळे संगणकावर आले, पण काम तेच राहिले आहे.

मोठे यंत्र आणि संथ छपाई

संगणकात हा शब्द शिरला तो १९६० च्या सुमारास. त्या वेळचे चित्र डोळ्यांपुढे आणा. आयबीएम कंपनीचे ७०९० नावाचे यंत्र १९५९ मध्ये आले. ते सेकंदाला दोन लाखांहून अधिक बेरजा करी. त्याच वर्षी आलेला त्यांचा १४०३ हा छपाईयंत्रांतला पहिलवान मिनिटाला ६०० ओळी छापी. म्हणजे सेकंदाला दहा ओळी. एक ओळ कागदावर उमटेपर्यंत मोठ्या यंत्राने वीस हजार बेरजा केल्या असत्या. माहिती आत घेण्याचीही तीच गत. ती भोके पाडलेल्या कार्डांवर येई, आणि चांगला कार्डवाचक मिनिटाला ८०० कार्डे वाची. कोट्यवधी रुपयांचे यंत्र बहुतेक वेळ कार्डांची आणि कागदाची वाट बघत बसणार. गव्हाण रिकामी, बॉयलर चालू, असाच हा प्रकार.

त्यावर पहिला उपाय निघाला तो असा. मोठ्या यंत्राजवळ १४०१ सारखे एक लहान, स्वस्त यंत्र ठेवायचे. ते कार्डे वाचून चुंबकीय फितीवर उतरवी. मग ऑपरेटर फितीचे रीळ उचलून मोठ्या यंत्रावर चढवी. मोठे यंत्र फीत वाची, कारण फीत कार्डांपेक्षा कितीतरी वेगवान, आणि उत्तरेही फितीवरच लिही. ते रीळ पुन्हा लहान यंत्राकडे, आणि छपाई तिकडे. या पद्धतीला 'ऑफलाइन' म्हणत, म्हणजे मुख्य यंत्राच्या जोडणीबाहेर केलेले काम. आपण आज ऑनलाइन-ऑफलाइन हे शब्द फोनच्या संदर्भात वापरतो; त्यांचा जन्म असा रिळे वाहून नेण्याच्या काळातला आहे.

आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले, तेव्हा देशभरातल्या संस्थांची गणिते कार्डांच्या गठ्ठ्यांतून तिथे जात. गठ्ठा दिला की आपण मोकळे. उत्तराचे कागद पाळी आल्यावर. त्या काळच्या संशोधकांना रांगेचा धडा वेगळा शिकवावा लागला नाही.

यापुढची पायरी महत्त्वाची. लहान यंत्र आणि रिळांची ने-आण काढून टाकायची, आणि मुख्य यंत्रानेच एकीकडे गणित करता करता दुसरीकडे कार्डे वाचायची व छपाई चालवायची. कार्डवाचकाचे एक कार्ड वाचून झाले की तो यंत्राला खूण करणार. यंत्र गणित क्षणभर बाजूला ठेवून ते कार्ड साठ्यात टाकणार आणि पुन्हा गणिताला लागणार. स्वयंपाक करताना मधेच दूध ओतू जात नाही ना हे बघून येणाऱ्या गृहिणीला हे समजावून सांगायला नको. आयबीएमच्या ७०७० या यंत्रासाठी अशी व्यवस्था झाली, आणि तिचे नाव ठेवले 'सायमल्टेनियस पेरिफेरल ऑपरेशन्स ऑन-लाइन'. मराठीत सांगायचे तर 'जोडलेल्या उपकरणांची कामे, मुख्य यंत्राच्या जोडणीतच, एकाच वेळी'. या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घ्या: स्पूल.

नाव आधी की अर्थ आधी?

इथे मतभेद आहे. एक पक्ष म्हणतो, स्पूल हे या लांबलचक नावाचे लघुरूप. दुसरा पक्ष म्हणतो, ही मागाहून बसवलेली मखलाशी. यंत्राच्या खोलीत जिकडेतिकडे फितींची रिळे होती, काम रिळावर गुंडाळून ठेवायचे आणि रिळावरून सोडवायचे. तेव्हा 'स्पूल' हा शब्द तोंडी होताच, आणि कोणा हुशार माणसाने त्याला शोभेल असे लांब नाव जुळवले.

मला स्वतःला दोन्ही पक्ष थोडे थोडे बरोबर वाटतात. 'ऑन-लाइन' हा शब्द त्या नावात उगाच आलेला नाही. आधीची पद्धत ऑफलाइन होती, तिच्याविरुद्धची ही खूण आहे. त्या अर्थाने लांब नाव खरे. पण चार शब्दांत हा अर्थ सांगण्याचे अनेक मार्ग असताना नेमकी रिळाचीच आद्याक्षरे जुळून यावीत, हा निव्वळ योगायोग मानणेही कठीण. बारशाला आत्या नाव सुचवते ते आधी मनात धरूनच आलेली असते, आणि पंचांगातले अक्षर मग त्याला जुळवून घेतात. तसेच हे असावे.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मँचेस्टरला 'ॲटलस' हा संगणक बांधला जात होता. १९६२ च्या डिसेंबरात तो सुरू झाला. त्याच्या कर्त्यांनीही अशीच साठवणूक केली होती, पण तिला नाव दिले 'वेल', म्हणजे विहीर. येणाऱ्या कामांची एक विहीर, जाणाऱ्या उत्तरांची दुसरी. हे नाव आपल्याकडच्या माणसाला किती चटकन समजले असते! पण विहीर मागे पडली आणि रीळ टिकले. पुढे अमेरिकेत ह्यूस्टनला, नासाच्या अवकाश केंद्रातल्या यंत्रांसाठी 'हॅस्प' नावाची व्यवस्था झाली. त्या नावातही स्पूलिंग आहे आणि शेजारी आणखी एक शब्द आहे, 'प्रायॉरिटी', म्हणजे अग्रक्रम. हॅस्पचा वंशज आजही आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर कामांची रांग सांभाळतो.

अग्रक्रम हा शब्द आला कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. फीत ही अरुंद पाणंदीसारखी असते. मागच्याला पुढे जायला वाट नाही. शेवटचे काम हवे असेल तर सगळी फीत उलगडावी लागते. चुंबकीय तबकडी, म्हणजे डिस्क, हे मोकळे मैदान. कुठलीही गाडी कुठूनही काढता येते. पहिली व्यापारी डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये विकायला काढली. तिच्यात ५० मोठ्या तबकड्या होत्या आणि ५० लाख अक्षरे मावत. डिस्क स्वस्त झाली तसा स्पूल रिळावरून डिस्कवर गेला. रीळ संपले, नाव राहिले. फोनची तबकडी जाऊन किती वर्षे झाली, तरी आपण 'नंबर फिरव' म्हणतोच की. पण डिस्कबरोबर एक नवा प्रश्न आला: कुठलीही गाडी आधी काढता येते म्हटल्यावर, काढायची कुठली?

पाळी कोणाची?

सरळ उत्तर: जो आधी आला तो आधी. या नियमात भांडण नाही. पण एक हिशेब पाहा. झेरॉक्सच्या दुकानात तीन गिऱ्हाइके आहेत. पहिल्याचा प्रबंध छापायला ६० मिनिटे लागणार, दुसऱ्याचा अर्ज २ मिनिटे, तिसऱ्याचा दाखला १ मिनिट. आल्या क्रमाने घेतले तर पहिला शून्य मिनिटे थांबला, दुसरा ६०, तिसरा ६२. सरासरी सुमारे ४१ मिनिटे. आता उलट करा. दाखला आधी, मग अर्ज, मग प्रबंध. थांबणे शून्य, १ आणि ३ मिनिटे. सरासरी सव्वा मिनिटाच्या आसपास! प्रबंधवाल्याचे फक्त ३ मिनिटांचे नुकसान झाले आणि बाकीच्या दोघांचा तास वाचला.

मग छोटे काम नेहमी आधी घ्यावे का? तसे केले तर दिवसभर दाखलेवाले येत राहतील आणि प्रबंधवाला संध्याकाळपर्यंत उभाच राहील. संगणकशास्त्रात या स्थितीला चक्क 'उपासमार' असे नाव आहे. त्यावर उपायही आहे: जो जितका जास्त थांबला, तितका त्याचा मान वाढवत न्यायचा. म्हणजे एक वेळ अशी येते की त्याच्यापुढे कोणी जाऊ शकत नाही.

हे सगळे नियम उसाच्या शेतकऱ्याला दुसऱ्या नावांनी ठाऊक आहेत. लावणीची नोंद शेतकी खात्याकडे करायची, तारखेप्रमाणे तोडणीचा कार्यक्रम लागायचा. त्यात आधी आडसाली, मग पूर्वहंगामी, मग सुरू, आणि खोडवा शेवटी, अशी साधारण रीत. हाच तो अग्रक्रम. आणि उन्हाळा तोंडावर आला, उसाला तुरा आला, पाण्याची पाळी लांबली, तरी ज्याच्या खोडव्याला तोड मिळत नाही, त्याची ती उपासमार. इथे थांबण्याची किंमत खरी असते. तोडलेला ऊस जितका उशिरा गाळाल तितकी त्यातली साखर उतरते. उन्हात तो वाळतो आणि वजन घटते. तोडल्यापासून शक्यतो चोवीस तासांत ऊस गाळला जावा म्हणतात ते यासाठीच. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात. म्हणजे तळावरच्या प्रत्येक जादा तासाचे पैसे त्याच्या खिशातून जातात.

रांगेचे हे गणित मांडायला सुरुवात केली ती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने, १९०९ मध्ये. एक्स्चेंजमध्ये किती लाइनी ठेवल्या म्हणजे गिऱ्हाइकाला फार ताटकळावे लागणार नाही, हा त्याचा प्रश्न होता. पुढे जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ मध्ये एक सोपा नियम सिद्ध केला. तो तुम्ही तळावर उभे राहून वापरू शकता. समजा, कारखाना तासाला २०० टन गाळतो आणि एका ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत मिळून २० टन ऊस असतो. म्हणजे तासाला १० ट्रॅक्टर रिकामे होतात. तळावर सरासरी ६० ट्रॅक्टर उभे दिसत असतील, तर ६० भागिले १०, सरासरी मुक्काम सहा तास. कोणाला विचारायला नको. आणि तासाला १० ऐवजी ११ येऊ लागले तर? एकच जास्त आहे असे वाटते, पण दिवसाला २४ ट्रॅक्टर साचतात, आणि दहा दिवसांत २४०, म्हणजे पुऱ्या एका दिवसाचे गाळप. रांग वाढते ती गर्दी एकदम उसळली म्हणूनच असे नाही. रोज थोडे थोडे जास्त येत राहिले तरी पुरते.

साठा भरला की मागून येणाऱ्याला थांब म्हणावे लागते. डिस्क भरली की स्पूल नवे काम घेत नाही. कारखाना तोडी बंद ठेवतो. कोयनेचे धरण हाही पावसाळ्याचे पाणी वर्षभर पुरवणारा एक स्पूलच. त्याची क्षमता १०५.२५ टीएमसी. पण पावसाला मात्र कोणी थांब म्हणू शकत नाही, आणि भरलेल्या साठ्याचा दरवाजा उघडावाच लागतो. कृष्णाकाठाने २००५ आणि २०१९ मध्ये पूर पाहिले आहेत. साठ्यात रिकामी जागा राखून ठेवणे म्हणजे काय, हे तिथे वेगळे सांगायला नको.

न दिसणारी रांग

संगणक आणि ऊस यांची ही तुलना मी ओढूनताणून आणलेली नाही. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांसाठी, 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तो वारणेच्या सहकारी संस्थांबरोबर उभा केला. गावोगावच्या केंद्रांत संगणक बसले. त्यांच्याकडून इंटरनेट, बाजारभाव, शिक्षण अशा पुष्कळ अपेक्षा होत्या. पण प्रत्यक्षात त्यांचा मुख्य उपयोग झाला तो उसाच्या कामाला: लावणीची नोंद, तोडणीची परवानगी, वजनाची पावती, खताचा आणि पैशांचा हिशेब. म्हणजे रांगेच्याच कामाला. पुढे २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधकांनी सात गावांत प्रयोग केला. संगणक सांभाळणे खर्चाचे पडते, तर तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिले, आणि ते झाले.

आणि एसएमएस तरी काय आहे? तुमचा फोन बंद असला की संदेश कंपनीच्या केंद्रात थांबतो. फोन सुरू झाला की येतो. व्हॉट्सॲपवर एकच टिक दिसते तेव्हा तुमचा निरोप असाच वाटेत मुक्कामाला असतो. मिळाला नाही तर तीस दिवसांपर्यंत तो थांबवून ठेवतात. युनिक्स आणि लिनक्स या प्रणालींत बाहेर जाणारी टपाले जिथे थांबतात त्या फोल्डराचे नाव आजही 'स्पूल' असेच आहे.

स्पूलचा मोठा उपकार हा, की माणसाच्या जागी कागद रांगेत उभा राहतो. सातबाऱ्यासाठी दिवस मोडून तालुक्याला थांबणे आणि अर्ज देऊन शेतावर जाणे, यातला फरक मजुरी बुडणाऱ्याला विचारा. पण या उपकाराला एक दुसरी बाजू आहे. तळावरची रांग सगळ्यांना दिसते. मागची गाडी पुढे घुसली तर दहा गाडीवान आरडाओरडा करतात. संगणकातली रांग दिसत नाही. तिथे क्रम बदलायला एक बटण पुरते आणि मागच्याला पत्ताही लागत नाही. माझा अर्ज कितवा आहे, माझ्या पुढे किती आहेत, आणि क्रम बदलला तर का बदलला, हे विचारण्याचा हक्क कागद रांगेत उभा केला म्हणून संपत नाही. उलट तेव्हाच तो अधिक लागतो. तोडणीचा कार्यक्रम गावात फलकावर लावणे ही जुनी साधी गोष्ट आहे, पण संगणक आला म्हणून ती सोडण्याचे कारण नाही.

स्पूलवर नजर ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. तो येईल त्याचा कागद घेतो, आणि यंत्रात त्याला मोठे अधिकार असतात. गेटवरच्या भोळ्या माणसाच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या दिल्यासारखे हे आहे. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या 'स्टक्सनेट' या घातक प्रोग्रॅमने पसरण्यासाठी जे मार्ग वापरले, त्यांत विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली एक फट होती. २०२१ मध्ये त्याच स्पूलरमध्ये दुसरी मोठी फट सापडली आणि मायक्रोसॉफ्टला घाईने दुरुस्ती द्यावी लागली. तेव्हापासून शहाणे लोक सांगतात, ज्या सर्व्हरवरून छपाई होतच नाही तिथे स्पूलर बंदच ठेवा.

आणि घरातला, दुकानातला प्रिंटर अडला तर काय करायचे? पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. प्रिंटरच्या नावावर क्लिक करून रांग उघडा, अडलेले काम रद्द करा. तेही होत नसेल, 'डिलीट होत आहे' असे दाखवत तिथेच बसले असेल, तर 'सर्व्हिसेस'च्या यादीत 'प्रिंट स्पूलर' शोधून तो थांबवा, विंडोजच्या स्पूल फोल्डरातल्या 'प्रिंटर्स' या जागेतल्या फाईली पुसा, आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. तळ मोकळा झाला की गव्हाण चालू लागते. हा एवढा उपाय ठाऊक असला तर पुष्कळदा दुरुस्तीवाल्याची फेरी वाचते.

स्पूलला मराठी शब्द काय द्यावा, असे विद्यार्थी विचारतात. रीळ म्हटले तर शब्दाचे कूळ राहते, पण काम कळत नाही. रांग म्हटले तर साठा निसटतो. मी वर्गात 'गाडीतळ' म्हणतो. तो कोशात जाईल अशी माझी अपेक्षा नाही. परीक्षेत त्यांनी स्पूल असेच लिहावे. पण ऊसपट्ट्यातल्या मुलाला गाडीतळ म्हटले की पुढचे अर्धे व्याख्यान द्यावे लागत नाही. तळ कशासाठी, नंबर कोण लावतो, आणि मधेच गाडी घुसली तर काय होते, हे तो घरूनच शिकून आलेला असतो.